नेब्युलायझरची ‘वाफ’ आली कुठून?

छाती भरली, दम लागला की ‘जरा वाफ दे’ असं आपण सहज म्हणतो आणि नेब्युलायझर लावतो. मास्कमधून येते ती खरं तर वाफ नसतेच, ते औषधाचे बारीक तुषार असतात. यंत्र चालू असताना औषधाच्या कपाला हात लावून पाहा, गार लागेल. या उपचाराची सुरुवात मात्र खरोखरच धुराने आणि वाफेने झाली.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या एबर्स पपायरस या वैद्यकीय ग्रंथात तापलेल्या दगडांवर वनस्पती टाकून तिचा धूर ओढायला सांगितलं आहे. भारतातला धोतऱ्याच्या धुराचा उपाय १८०२ मध्ये मद्रासहून ब्रिटनला पोचला आणि पुढे शंभरहून जास्त वर्षं ‘दम्याच्या सिगारेटी’ औषध म्हणून विकल्या गेल्या. ऐकून अंगावर काटा येतो, पण धोतऱ्यात श्वासनलिका सैल करणारं ॲट्रोपीन असतं. आज कपात घालतात ते इप्राट्रोपियम त्या ॲट्रोपीनपासूनच तयार झालं. (धोतरा विषारी आहे, त्याचा प्रयोग घरी कुणीही करू नये.)

१७७८ मध्ये प्लिमथच्या जॉन मज या डॉक्टरांनी कथलाच्या मिश्रधातूच्या एका साध्या मगला झाकण आणि नळी बसवली. मगात गरम पाणी, हवा आत यायला मुठीत भोकं. ‘इनहेलर’ हा शब्द त्यांचाच. १८५८ मध्ये पॅरिसला साल-जिरों यांनी हातपंपाचं यंत्र आणलं, सायकलला हवा भरावी तसं चालवायचं. १८६४ मध्ये जर्मनीच्या झीग्ले यांनी वाफेच्या झोताने औषध वर खेचून त्याचे तुषार उडवले.

तेव्हापासून खरा प्रश्न एकच राहिला: थेंब किती बारीक? मोठा थेंब घशातच आपटतो. साधारण १ ते ५ मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल फुफ्फुसात उतरतो. आजच्या कॉम्प्रेसरच्या यंत्रात हवा बारीक छिद्रातून जोरात सुटते, औषध ओढून घेऊन फोडते. मोठे थेंब आतल्या आडोशावर आदळून परत कपात पडतात आणि पुन्हा फुटतात. त्यात पाणी उडून जात राहतं, म्हणून कप गार. शेवटी जी फुरफुर ऐकू येते, ती औषध संपत आल्याची खूण. १९६० च्या दशकात ध्वनिलहरींनी द्रव हलवणारी यंत्रं आली, नंतर सूक्ष्म जाळीची. म्हणून कुठलंही औषध कुठल्याही यंत्रात चालत नाही. ब्युडेसोनाइडसारखं सूज उतरवणारं औषध पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगतं. ते ध्वनिलहरींच्या यंत्रात घालू नये.

औषधांची गोष्ट जास्त दुखरी आहे. १९२९ पासून ॲड्रेनालिनचे तुषार दम्यावर वापरले जाऊ लागले, रबरी फुगा दाबून. पण ते हृदयालाही धडधडवायचं. १९५६ मध्ये खिशात मावणारा पंप आला. १९६० च्या दशकात ब्रिटनसह काही देशांत दम्याचे मृत्यू अचानक वाढले, तेव्हा संशय आयसोप्रेनालिन या श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधाच्या तीव्र पंपांवर गेला. नेमकं कारण काय यावर वाद झाला, पण एक धडा मिळाला: फवाऱ्याने सुटका झाली की माणूस डॉक्टरकडे जायला उशीर करतो आणि श्वासनलिकांची आतली सूज वाढत राहते. श्वासनलिका सैल करणाऱ्या, १९६९ मध्ये आलेल्या साल्ब्युटामॉलने हृदयावरचा भार कमी केला, पण सूज तेही उतरवत नाही. सूज उतरवणारा बेक्लोमेथासोनचा पंप १९७२ मध्ये आला. घरातल्या यंत्राबद्दल माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. दिवसातून चारदा लावूनही दम उतरत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल, तर पाचव्यांदा कप भरत बसू नका, दवाखाना गाठा.

१९६० च्या दशकात रुग्णालयांतल्या नेब्युलायझरच्या पाण्यात वाढलेले जंतू तुषारांबरोबर थेट फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया झाल्याचं उघड झालं. म्हणूनच नळाचं पाणी न घालता निर्जंतुक सलाइन घालायचं, आणि दर वेळी कप, मास्क धुऊन पूर्ण वाळवायचे.