जेसीबी बोलवायच्या आधी आम्हाला प्लॉट दाखवा

नागपूरभोवती बेसा, जामठा, हिंगणा, उमरेड रोड, जिकडे बघाल तिकडे शेतांचे लेआउट पडून राहिलेत आणि प्लॉट हातात आला की पहिला फोन जातो जेसीबीवाल्याला. आम्ही बांधकामाआधी प्लॉटवर साप-घोरपडी आहेत का ते तपासतो. आमचं म्हणणं एवढंच की त्याआधी आम्हाला एकदा बोलवा, कारण धुऱ्यावरची झुडपं, जुनी विहीर, विटांचा ढीग, काळ्या मातीतल्या भेगा, इथंच नाग, धामण, घोणस (आपल्याकडची परड) आणि घोरपड राहतात.

वन्यजीव कायदा १९७२ चा, पण त्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आता नाग, घोणस, धामणसुद्धा अजगर-घोरपडीसारखे अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आलेत. यांची शिकार केली तर शिक्षा ३ ते ७ वर्षं, दंड किमान २५ हजार. आणि मारलंच पाहिजे असं नाही, अंडी फोडली किंवा परवानगीशिवाय पकडलं तरी ती शिकारच धरतात. छोट्या प्लॉटला सर्व्हे कराच असं कोणी सांगायला येत नाही हे खरं, पण हा कायदा प्लॉटचा साईझ बघत नाही.

आम्ही काय करतो? सकाळी ऊन चढायच्या आत पूर्ण प्लॉट पायी फिरतो, जुने टिनाचे पत्रे टाकून ठेवतो (साप त्याखाली येऊन बसतात, थंडीत तर हमखास), बिळात बारीक कॅमेरा सोडतो. जास्त करून साप दिसतच नाही, कात सापडते. घोणसच्या कातीवर खवल्याखवल्याला मधोमध उभी रेघ उठलेली असते, नागाची गुळगुळीत. घोरपडीचं म्हणाल तर धुळीत पंजे आणि मधून शेपटी ओढल्याची रेघ.

वारूळ दिसलं तर हात लावू नका, घोरपड त्यात अंडी घालते आणि ती फुटायला कित्येक महिने लागतात.

काही सापडलं म्हणून बांधकाम बंद पडत नाही, घाबरू नका. मजूर लावून गवत हाताने कापायचं, एका बाजूने सुरू करून मोकळ्या रानाच्या दिशेने, म्हणजे जनावर आपणहून निघून जातं, मग ढीग हलवायचे, जेसीबी शेवटी. पावसाळ्यात शक्यतो नकोच, तेव्हा अंडी-पिल्लं असतात. आणि आमचा रिपोर्ट म्हणजे परवानगी नव्हे, जनावर हलवायचंच असेल तर ते वनखात्याला विचारून.

येताना सातबारा, लेआउटचा नकाशा आणा आणि काम कधी सुरू करायचं ते सांगा. मधेच साप निघाला तर मशीन थांबवा, लोकांना लांब करा आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन लावा.