तारण कोणाचे? शरणपूर ते येवला

नाशिकच्या सराफ बाजारात 'सोने तारण' अशी पाटी दिसली तर कोणाला धर्म आठवत नाही. तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेला ऐवज. शरणपूर रोडवरच्या चर्चमध्ये याच शब्दाचा अर्थ वेगळा: पापातून सुटणे, जीव वाचणे. मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात 'तारण झाले' हे इतके सहज येते की बाहेरचा माणूस क्षणभर गोंधळतो. पण हे तारण आधी कोणाच्या वाट्याला आले, हे पाहिले की नाशिकच्या इतिहासातली काही पाने वेगळी वाचता येतात.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, त्याच्या तोंडी एक वाक्य चारदा येते: "तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे." मूळ ग्रीकमध्ये चारही ठिकाणी शब्द तेच आहेत. मराठीत मात्र ते कुठे 'तारले' तर कुठे 'बरे केले' असे होते, कारण त्या ग्रीक क्रियापदात दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे मराठी वाचकाच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. हे वाक्य ज्या चौघांना उद्देशून आहे, ते चौघेही पंगतीबाहेरचे आहेत. पहिली गावाने 'पापी' ठरवलेली बाई. दुसरी बारा वर्षे रक्तस्राव होत असलेली. तिसरा कुष्ठरोगी, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके आणि खालचे मानत त्या समाजातला, दुहेरी बाहेरचा. चौथा यरीहोच्या वाटेवर भीक मागणारा आंधळा. शास्त्री, परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे यहूदी), याजक यांच्यापैकी एकालाही हे वाक्य ऐकायला मिळत नाही.

रक्तस्रावाच्या बाईची गोष्ट आपल्याकडे फार समजावून सांगावी लागत नाही. बायबलातल्या लेवीय या नियमग्रंथाच्या 15व्या अध्यायानुसार ती ज्यावर बसेल ते अशुद्ध, त्याला जो शिवेल त्याने कपडे धुवावेत, आंघोळ करावी आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहावे. विटाळ पाळणाऱ्या घरात वाढलेल्या कोणालाही हा हिशेब पाठ असतो. ती गर्दीत मागून येते आणि येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला हात लावते. नियमाप्रमाणे विटाळ त्याला व्हायला हवा होता. गोष्टीत उलटे घडते, शुद्धताच तिच्याकडे जाते. वर तो तिला चारचौघांत 'मुली' म्हणतो. माझ्या मते सगळ्या शिकवणीचा गाभा इथे आहे. बाकीच्या गोष्टी, येशू ज्याच्या घरी उतरला त्या जक्कय जकातदाराचीसुद्धा, याच्याच आवृत्त्या. (नाशिकमध्ये जकात नाक्यावरच्या रांगांत उभे राहिलेल्यांना जकातदाराविषयी यहूद्यांना काय वाटत असेल याची कल्पना यावी. शिवाय तिथला जकातदार परक्या रोमी सत्तेच्या पदरी होता.)

आणि मग विहीर. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात येशू भर दुपारी विहिरीवर बसतो आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. तिचा प्रश्न सरळ आहे: तुम्ही यहूदी, माझ्याकडे पाणी कसे मागता? महात्मा फुल्यांनी 1868 साली स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. तिथे प्रश्न आम्हांला पाणी घेऊ द्याल का, हा होता. विहिरीवरच्या गोष्टीत वरचा समजला जाणारा माणूस खालच्या समजल्या जाणाऱ्या बाईच्या भांड्यातले पाणी मागतो आहे.

याच अध्यायाने पंडिता रमाबाईंना गाठले. इंग्लंडमध्ये त्या एका ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) संस्थेत राहत होत्या. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी त्या जोगिणी लंडनमध्ये घर चालवत. या बायकांची एवढी काळजी का, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ग्रीक-हिब्रू शिकून सगळे बायबल सोप्या मराठीत आणले, ते बायाबापड्यांना कळावे म्हणून.

नाशिकमध्ये ही शिकवण आली ती चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशनरी संस्थेबरोबर. 1850च्या दशकात शहराबाहेर एक वसाहत उभी राहिली, तिचे नाव शरणपूर. शरण आलेल्यांचे गाव. जातीने, घराने टाकलेले नवख्रिस्ती आणि अनाथ मुले तिथे राहत. आज ज्या रस्त्यावर कपड्यांची दुकाने आणि पार्किंगची मारामारी आहे, त्याच्या नावामागे हे आहे. पण शरणपूरचे सर्वांत विलक्षण रहिवासी आफ्रिकेतून आले होते. गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडे, सुटलेली मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली बरीच नाशिकला येत. सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणे-वाचणे त्यांना इथे शिकवत.

आफ्रिकेचा शोध घेणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी इथून नऊ तरुण नेले. मागून गेलेल्यांत जेकब वेनराइट होता. 1873 साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा दफनाची प्रार्थना याच नाशिकच्या विद्यार्थ्याने वाचली आणि झाडावर मृत्यूची नोंद कोरली. सोबत्यांनी देह शेकडो मैल चालत किनाऱ्यावर आणला. एप्रिल 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्ययात्रेत शवपेटीशी चालणाऱ्यांत वेनराइट एकटा आफ्रिकी होता. बाजारात विकला गेलेला पोरगा, अक्षरे शिकला गोदाकाठी. लगेच शरणपूरचे काम पाहणारे विल्यम सॉल्टर प्राइस पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाला गेले आणि मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसले. नाशिकचे बरेच आफ्रिकी तिकडे गेले. त्यांना जायचे होते का, हे विचारल्याच्या खुणा फारशा सापडत नाहीत. तारणाऱ्याने तारलेल्याच्या वतीने बोलण्याची सवय मिशनऱ्यांनाही होतीच.

गावातली दुसरी वाट लक्ष्मीबाई टिळकांची. नाशिकजवळच्या जलालपूरचा जन्म, वडील सोवळ्याने झपाटलेले. पती नारायण वामन टिळक 10 फेब्रुवारी 1895 रोजी ख्रिस्ती झाले आणि या बाईवर आभाळ कोसळले. पुढे त्या पतीकडे परतल्या तेव्हाही पाणी वेगळे, चूल वेगळी. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला आणि मग शिवाशिव टाकली. त्यांच्या आत्मचरित्रात हे सारे हसत-खेळत येते, म्हणून ते खरे वाटते. येशूवर विश्वास ठेवणे एक वेळ जमते, शेजारणीच्या हातचे पाणी पिणे अवघड जाते.

हाच मुद्दा मोठ्या पटावर आला तो 2 मार्च 1930 रोजी, काळाराम मंदिराच्या दारात. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा सत्याग्रह दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे चालवला. दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मग निरनिराळ्या धर्मांचे लोक निमंत्रणे घेऊन आले, त्यांत ख्रिस्तीही होते. चौघा बाहेरच्यांची गोष्ट ज्या धर्मात इतकी ठळक, तो इथे सहज पटायला हवा होता.

तसे झाले नाही, आणि त्याची कारणे बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहेत. धर्मांतरितांमध्ये जात शिल्लक राहिली, चर्चने ती मोडण्यासाठी जोर लावला नाही, आणि नवख्रिस्ती आपल्या मागे राहिलेल्या भावंडांच्या हक्कांसाठी लढायला उतरले नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. शिकवणीवर नाही, ती पाळणाऱ्यांवर. शेवटी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला गेला. देशात कित्येक ठिकाणी दफनभूमीत आजही जातीच्या ओळी आहेत, तेव्हा आक्षेप जुना झाला असे म्हणता येत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळालेला नाही. हा प्रश्न तपासायला केंद्राने 2022 साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

लूकच्या 17व्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांनाही येशू आधी याजकाकडे पाठवतो, कारण रोगी शुद्ध झाला हे ठरवण्याचा अधिकार याजकाचा. म्हणजे दाखला तिथूनच मिळायचा. नऊ जण पुढे गेले. दहावा शोमरोनी होता. यरुशलेमेचा याजक त्याला आपला मानणार नव्हता. तो वाटेतूनच मागे फिरला.