लाहू गावांतील प्राचीन चहावृक्ष

चीनच्या नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांतात लाहू लोकांच्या अनेक गावांलगत, आणि काही ठिकाणी थेट घरांच्या अंगणात, शेकडो वर्षांची चहाची झाडे उभी आहेत. ही झाडे मोठ्या पानांच्या, आसामी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाणाची. आपल्याकडे आसामच्या मळ्यांत हा वाण कंबरेइतका छाटून ठेवलेला दिसतो. इथे तो मोकळा वाढलेला असतो, त्यामुळे खोडावर शेवाळ, दगडफूल, नेचे आणि आमरी (ऑर्किड) वाढतात आणि पाने खुडायला झाडावर चढावे लागते.

लाहू ही तिबेटो-बर्मी भाषा बोलणारी डोंगरी जमात. चीनमधील त्यांची संख्या २०२०च्या जनगणनेनुसार पाच लाखांच्या आसपास आहे. म्यानमार, थायलंड, लाओस आणि व्हिएतनाममध्येही त्यांच्या वस्त्या आहेत. काळे, पिवळे, तांबडे अशी त्यांच्या पोटगटांची नावे आहेत. पु-अर विभागातील लान्त्सांग हा लाहूंच्या नावाने असलेला स्वायत्त जिल्हा. मेकाँग नदीला चीनमध्ये लान्त्सांग म्हणतात, तेच नाव जिल्ह्याला मिळाले आहे. त्याखेरीज श्वांगज्यांग आणि झनयुआन हे जिल्हे इतर जमातींबरोबर लाहूंच्याही नावे आहेत, तर शीश्वांगबान्नातील मंगहाय जिल्ह्यात त्यांची बरीच गावे आहेत.

लाहूंनीच हे सगळे चहाबन लावले असे सरसकट म्हणता येत नाही. उत्तरेकडून सरकत आलेले लाहू मुळात शिकारी आणि फिरती शेती करणारे. या डोंगरांवर चहा रुजवण्याचे श्रेय बहुधा ब्लांग लोकांच्या पूर्वजांना दिले जाते. २०२३ साली जागतिक वारसा यादीत गेलेली जिंगमाय डोंगरावरची चहाबने लान्त्सांग जिल्ह्यातलीच, पण तिथली गावे मुख्यतः ब्लांग आणि दाय लोकांची आहेत. लाहूंचे योगदान वेगळे आहे. ते जिथे स्थिरावले तिथली जुनी झाडे त्यांनी तोडली नाहीत, त्यांच्या सावलीतच घरे बांधली. मंगहायमधील हकाई डोंगर हे याचे ठळक उदाहरण. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटरवर, हजारेक हेक्टरांत पसरलेल्या जुन्या चहाबनात मानमाय, मानन्नोंग, बांगपन ही लाहू गावे आहेत. गाव कुठे संपले आणि बाग कुठे सुरू झाली हे तिथे सांगता येत नाही. डुकरे आणि कोंबड्या झाडांखाली चरतात आणि त्यांच्या शेणलेंडीने जमिनीला आयते खत मिळते. वर मोठ्या जंगली झाडांची सावली असते. किडीचा बंदोबस्त मुंग्या, कोळी आणि पक्षी करतात.

परंपरागत लाहू घर लाकडी खांबांवर उचललेले असते. खाली सरपण आणि गुरे, वर माणसे. घराच्या मध्यभागी चूल, आणि घरातला चहा तिथेच होतो. मातीचे छोटे भांडे आधी निखाऱ्यांवर तापवतात, त्यात मूठभर पाने टाकून भांडे सतत हलवत राहतात. पाने तांबूस होऊन खमंग वास सुटला की त्यावर उकळते पाणी ओततात. चर्र आवाज होऊन फेस वर येतो, तो काढून टाकतात आणि पुन्हा पाणी घालतात. हा चहा कडक, कडसर, धुरकट लागतो. त्यात दूध-साखर नसते. पहिला घोट यजमान स्वतः घेतो आणि मग पाहुण्याला देतो. त्यात काही कालवलेले नाही याची ती ग्वाही, असे सांगितले जाते.

लाहू समाजाचे अभ्यासकांना आकर्षण वाटते ते स्त्री-पुरुष समतेमुळे. नाते आई आणि वडील दोन्हीकडून मोजतात, लग्नानंतर जोडपे काही काळ बायकोच्या माहेरी तर काही काळ नवऱ्याच्या घरी राहते, आणि घराचे कर्तेपण दोघांच्या जोडीकडे असते. त्यांच्या उत्पत्तिकथेत गुईशा या निर्मात्याने भोपळा पेरला आणि त्यातून झादी आणि नादी ही पहिली जोडी बाहेर आली. म्हणूनच भोपळ्याला लाहू जीवनात मानाचे स्थान आहे. त्यांचे मुखवाद्यही भोपळ्याला बांबूच्या नळ्या बसवून केलेले असते. जिंगमायजवळच्या लावदाबाव गावात मात्र गेल्या काही दशकांत गिटार घरोघरी पोहोचली आणि लाहू गाणी तिच्या साथीने गायली जाऊ लागली.

चहाच्या कामातही नवरा-बायकोची ही जोडी दिसते. मार्च-एप्रिलमधली वसंतातली तोड सर्वांत मोलाची. पावसाळ्यातली पाने पाणचट मानली जातात. बांबूची टोपली अडकवून बायका-पुरुष दोघेही फांद्यांवर चढतात. दुपारी पाने पसरून कोमेजू देतात आणि संध्याकाळी लाकडाच्या जाळावर तापलेल्या मोठ्या लोखंडी कढईत हातांनी वर-खाली करून भाजतात. हे काम कौशल्याचे. पान करपले तर चव गेली, आणि कच्चे राहिले तर हिरवट वास राहतो. मग चटईवर मळून, दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवतात. भट्टीऐवजी उन्हात वाळवल्यामुळे पानातली विकरे (एन्झाइम) पूर्ण नष्ट होत नाहीत, म्हणूनच हा चहा वर्षानुवर्षे मुरत जातो. या कच्च्या मालाला माओचा म्हणतात. तो वाफवून दाबला की ३५७ ग्रॅमच्या गोल वड्या होतात, तोच पु-अर चहा. जुन्या झाडांवरचे एक बांडगूळही लोक वेगळे वाळवून उकळतात. खेकड्याच्या पायांसारखे दिसते म्हणून त्याचे नावही तसेच.

वयाच्या आकड्यांबाबत मात्र सबुरीने घ्यावे. लान्त्सांगमधील बांगवेई येथील झाड १९९१ साली तज्ज्ञांच्या नजरेस आले. सुमारे बारा मीटर उंचीच्या या झाडाचे वय हजारेक वर्षे सांगितले जाते. रानटी आणि लागवडीचा चहा यांच्यामधला दुवा म्हणून ते ओळखले जाते आणि १९९७च्या चिनी टपाल तिकिटावरही झळकले. झनयुआनच्या जंगलातील एका झाडाला २,७०० वर्षांचे म्हणतात. जुन्या खोडांचा गाभा पोकळ झालेला असतो, आणि वलये मोजायची तर खोडाला छिद्र पाडावे लागते. त्यामुळे असे आकडे अंदाजाचेच असतात. हे झाड म्हातारे आहे, एवढे मात्र कुणीही पाहून सांगेल.

गावाच्या दृष्टीने खरा बदल बाजारभावाने घडवला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुनी झाडे कमी उत्पन्नाची ठरवून डोंगरउतारावर ओळीने लावलेल्या झुडपांना उत्तेजन दिले गेले. काही जुन्या झाडांची खोडे जास्त पालवीसाठी छाटली गेली. त्या खुणा आजही दिसतात. २००० नंतर पु-अरला अचानक मागणी आली, २००७ साली भाव कोसळले, पण जुन्या झाडांच्या पानाची किंमत नंतर पुन्हा वर गेली. त्यातून विटांची घरे, मोटारसायकली आणि मुलांचे शिक्षण आले. तशीच पानांची अतितोड आणि पर्यटकांची वर्दळही आली. खुडण्याच्या घाईत फांद्या मोडतात, मुळांवरची माती घट्ट होते, आणि झुडपांची पाने जुन्या झाडांची म्हणून खपवली जातात. युन्नान प्रांताने केलेला संरक्षण कायदा मार्च २०२३ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून अधिक वयाच्या चहावृक्षांना तो संरक्षण देतो; ती झाडे तोडायला किंवा मुळासकट हलवायला बंदी घालतो.