जिवंत कुर्ली नेताय? आधी बर्फ, मग टोचा, मग पातेलं

कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) गोणपाटाबरोबर हा कागद आम्ही मुद्दाम देतो. रस्सा कसा करायचा, वाटपात काय घालायचं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण एक फोन आम्हाला जवळजवळ दर आठवड्याला येतो, तोही जेवणाच्या तोंडावर. गेल्या मे महिन्यात एक आजी दुपारी पातेलं घेऊनच दुकानात आल्या. "अरे, कुर्लेचे पाय गेले खंय?" सकाळी मी स्वतः त्यांना दोन डेंगे (नांग्या) आणि आठ पाय मोजून दिले होते. पातेल्यात पाहिलं तर पाठ एकीकडे, पाय एकीकडे, एक डेंगा तळाशी, आणि पाणी गढूळ झालेलं. मी एकच विचारलं, "आजी, जिवंतच उकळत्या पाण्यात सोडलात ना?" तसंच झालं होतं.

पाल जशी शेपूट टाकते, तशी कुर्ली पाय टाकते. चटका बसला, ओढाताण झाली किंवा डेंगा चिरडला, की ती पाय मुळाशी ठरलेल्या सांध्यातून स्वतःहून सोडून देते. खाडीत तिचा जीव त्यामुळेच वाचतो आणि पुढे कात टाकताना नवा पाय फुटतो. तुमच्या पातेल्यात मात्र त्या उघड्या सांध्यातून रस बाहेर जातो, पाणी आत शिरतं आणि मांस पाणचट होतं. म्हणजे पाय गळालेली कुर्ली ही बहुतेक वेळा आम्ही दिलेली लंगडी कुर्ली नसते, ती त्रास देऊन मारलेली कुर्ली असते. मुंबईला चिंबोरी म्हणतात तीही हीच, आणि तिथल्या गिऱ्हाइकांचीही तक्रार हीच.

आता बर्फाविषयी नीट सांगतो, कारण सगळी चूक इथेच होते.

आपली खाडीची कुर्ली उबदार पाण्यात वाढलेली आहे. थंडी तिला सोसत नाही. चांगल्या गार पाण्यात ती हळूहळू सुस्त होते आणि शेवटी तिला कसलीच जाणीव राहत नाही. टब किंवा मोठं पातेलं घ्या. तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग पाणी. पाण्यात लिटरमागे दोन मोठे चमचे जाडं मीठ विरघळवा. नुसतं नळाचं पाणी नको, खाऱ्या पाण्याच्या जिवाला गोडं पाणी स्वतःच एक त्रास असतो. कुर्ली दोरीसकट पूर्ण बुडवा, वर झाकण ठेवा. पाव-अर्ध्या किलोच्या कुर्लीला अर्धा तास, त्याहून मोठीला पाऊण तास. मध्ये बर्फ विरघळून संपला तर आणखी घाला. शेवटी काढताना टबात बर्फ शिल्लक दिसला पाहिजे.

लोक पाच मिनिटं ठेवतात. कुर्ली हलायची थांबली की झालं असं वाटतं, पण ती तेव्हा फक्त सुस्तावलेली असते. तशीच विळीवर घेतली की ती जागी होते, पाय टाकते आणि तुमचं बोटही धरू शकते. म्हणून हलते का हे बघू नका, या दोन गोष्टी बघा. डोळ्याच्या काडीला बोटाने हलकेच टिचकी द्या. जागी असेल तर काडी झटकन खोबणीत मिटते, नसेल तर तशीच उभी राहते. मग उलटी करून पोटावरची चपटी झडप उचला. (नराची निमुळती त्रिकोणी, मादीची रुंद आणि गोल, हे तुम्हाला माहीत आहेच.) झडप विरोध न करता सैल उघडली पाहिजे. दोन्हींपैकी एका ठिकाणी जरी जीव जाणवला, तरी परत बर्फात.

बर्फाने तिला जाणीव राहत नाही, पण ती मेलेली नसते. ते काम टोच्याचं. कुर्लीच्या मज्जातंतूंच्या दोन मुख्य गाठी असतात, एक पुढे डोळ्यांच्या मागे आणि दुसरी, मोठी, पोटाच्या मध्यावर. त्यामुळे नुसती पाठ उचकटून ती लगेच मरत नाही, पोटाकडची गाठ तशीच राहते. कुर्ली उताणी ठेवा. झडप उचला. तिच्याखाली मधोमध बारीक खळगा लागेल. तिथे टोचा जवळजवळ उभा धरून पार पाठीला लागेपर्यंत घाला आणि किंचित इकडेतिकडे हलवा. लगेच दुसरा टोचा पुढून, दोन डोळ्यांच्या मध्ये तोंडाच्या वर जो उथळ खळगा असतो तिथून, थोडा तिरका आत. दोन्ही मिळून दहा सेकंदांच्या आत व्हायला हवं. पाय एकदम सैल सुटतात, ते हाताला कळतं. डेंग्यांची दोरी कापायची ती यानंतर, आधी नाही. टोचा नसेल तर गोणपाट शिवायचं जाड दाभण चालतं, पण मूठ नसल्याने हात घसरतो. म्हणून आम्ही लोहाराकडून लाकडी मुठीचे टोचे करून घेतले आहेत, दुकानात मिळतील.

काही जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, "एवढं कशाला? आमची आई जिवंत कुर्लीचे डेंगे मोडायची आणि पाठ काढायची." माझीही आई तसंच करायची. कर्ली नदीच्या खाडीत फग (कुर्ल्या धरायचं जाळं) लावून आणलेल्या कुर्ल्या आमच्या अंगणात तशाच मोडल्या जायच्या, आणि त्यात कुणाच्या मनात दुष्टपणा नव्हता. मला स्वतःला तो आवाज आणि नंतर कितीतरी वेळ हलत राहिलेले पाय आजही आठवतात. ज्या जिवावर आमचं घर चालतं, त्याला शेवटी एवढी पाऊण तासाची मेहनत आम्ही देणं लागतो. आपल्या देशातला १९६०चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदाही 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही जीव असंच म्हणतो. खाण्यासाठी मारायला मुभा आहे, विनाकारण हाल करायला नाही. स्वित्झर्लंडने २०१८ साली शेवंडं (लॉब्स्टर) शुद्धीवर असताना उकळायला बंदी घातली, आणि ब्रिटनने २०२२ साली खेकडे-शेवंडांना वेदना जाणवणाऱ्या जिवांमध्ये कायद्याने धरलं. आम्ही मात्र तिथलं वाचून सुरुवात केली नाही. बर्फात ठेवलेल्या कुर्लीचं मांस घट्ट राहतं आणि पाय जागेवर राहतात, हे आधी आम्हाला आमच्याच चुलीवर दिसलं.

दुसरी तक्रार 'रात्री नेली, सकाळी मेली' ही. कुर्ली बादलीत नळाच्या पाण्यात ठेवू नका. साचलेल्या पाण्यातली हवा ती काही तासांत संपवते आणि गुदमरते. कल्ले ओले असतील तर ती पाण्याबाहेर चांगली जगते. आम्ही दिलेलं गोणपाट ओलं ठेवा, सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून बाजूला. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारू नका. आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने मरते हे खरं, पण तिथे ती कधी मेली ते तुम्हाला कळत नाही. न कळत मेलेली कुर्ली शिजवू नये, तिचं मांस आतून फार लवकर उतरतं. अमोनियासारखा वास आला तर पैशाकडे न बघता टाकून द्या.

दोरीच्या वजनाबद्दल जे विचारतात त्यांना सांगतो, आम्ही बारीक दोरी वापरतो आणि हवी तर वेगळी तोलून दाखवतो. बिनदोरीच्या कुर्ल्या एकमेकींचे पाय तोडतात. अमावास्येची भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, यावर आम्ही वाद घालत नाही, पण पोकळ कुर्ली ही नुकती कात टाकलेली असते. पायांच्या मुळाशी पोटाकडून अंगठ्याने दाबलं की दबते. तशी मिळाली तर आम्ही ती खाडीत परत सोडतो, त्यामुळे कधी कधी तुम्ही सांगितलेल्यापेक्षा एखादी कमी भरते.

ज्यांना हे घरी करायचं नसेल त्यांनी संकोच करू नये. पुष्कळांना हात उचलत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. निघायच्या एक तास आधी फोन करा. तुमच्यासमोर निवडून, बर्फात ठेवून, टोचून, कल्ले काढून, डेंगे ठेचून, बर्फावर डब्यात भरून देतो. लहान पाय वेगळे बांधतो, वाटून गाळून रश्शात घालायला. याचे पैसे वेगळे घेत नाही. डबा तुमचा आणलात तर बरं. साफ केलेली कुर्ली त्याच दिवशी शिजवा. फक्त "घाई आहे, बर्फ राहू दे" असं सांगू नका, आयत्या वेळी आलेल्या गिऱ्हाइकालाही आम्ही तो अर्धा-पाऊण तास थांबायलाच सांगतो. बसायला बाक आहे, प्यायला पाणी आहे. रविवारी आणि अमावास्येच्या आधीच्या दोन दिवसांत बर्फाचा टब सकाळी साडेसातपासून भरलेला असतो, तेव्हा आदल्या रात्रीच सांगून ठेवा.