ऋण संख्या शिकताना होणाऱ्या चुका

पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी-गुणाकार करताना मुलांच्या हातून ठराविक चुका होतात, त्यांची ही नोंद. बालभारतीच्या पुस्तकांत पूर्णांक सहावीत येतात, गुणाकार-भागाकार सातवीत, आणि खरा घोळ तिथेच होतो, म्हणजे सहावीत जमत होतं तेही बिघडतं. 'मायनस मायनस प्लस' एकदा पाठ झालं की −३ − ५ चं उत्तर ८ यायला लागतं. नियम चुकीचा नाहीये, तो गुणाकाराचा आहे, बेरजेत घुसवला की वाट लागते.

जुन्या ग्रंथांत हे दोन्ही वेगळेच दिलेत. ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात (इ.स. ६२८) अठराव्या अध्यायात दोन ऋणांची बेरीज ऋण हे वेगळं सांगितलंय आणि दोन ऋणांचा गुणाकार धन हे वेगळं. (शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असंही तिथे आहे, ते आज कोणी मानत नाही.) ऋण संख्या भारतातच पहिल्यांदा वापरल्या असं सर्रास लिहिलं जातं, पण चीनमध्ये त्याआधी मोजणीच्या लाल काड्या धन आणि काळ्या काड्या ऋण अशी पद्धत होती आणि चिनी गणिती लिऊ हुईचं त्यावरचं भाष्य साधारण इ.स. २६३ चं धरतात, त्यामुळे तो दावा जरा सैल आहे. शून्यासकट सगळे नियम एका जागी मांडण्याचं श्रेय मात्र ब्रह्मगुप्ताला द्यायला हरकत नसावी.

चिन्हाची गोष्ट अजून गुंतागुंतीची. १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडलेल्या बख्शाली या गणिताच्या जुन्या हस्तलिखितात ऋण दाखवायला संख्येनंतर चक्क आजच्या अधिकसारखी फुली आहे. ती कुठून आली यावर एकमत नाही, 'क्षय' शब्दाच्या पहिल्या अक्षराचं जुनं वळण हे त्यातल्या त्यात पटणारं. हस्तलिखिताचा काळही वादात आहे: २०१७ च्या कार्बन चाचणीत वेगवेगळ्या पानांचे काळ तिसऱ्या-चौथ्या शतकापासून नवव्या-दहाव्यापर्यंत विखुरलेले आले, पण मजकूर सलग एकच वाटतो म्हणून बऱ्याच अभ्यासकांना लवकरचा काळ मान्य नाही आणि त्यांचं म्हणणं जास्त वजनदार दिसतं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायला सांगितलंय. फुली काय, टिंब काय, खूण त्या संख्येची स्वतःची. आजची आडवी रेघ (छापील स्वरूपात जर्मनीत १४८९ पासून) वजाबाकी, ऋणपणा आणि 'विरुद्ध संख्या' अशी तिन्ही कामं एकटी करते, आणि निम्म्याहून जास्त चुकांचं मूळ बहुधा इथेच असावं.

उदाहरणार्थ ४ − (−६) मध्ये दोन रेघांतली एक मुलं सरळ सोडून देतात आणि −२ लिहितात. ७ − (क − २) मध्ये कंस सोडवताना फक्त पहिल्या पदाचं चिन्ह बदलतात, दुसरं तसंच. कंस न घालता −५ वर घात २ असेल तर उत्तर −२५, पण मुलं २५ लिहितात, आणि यात त्यांना फार बोलता येत नाही कारण एक्सेलसुद्धा असंच करतं, −३ चा वर्ग विनाकंस टाकला की ९ देतं.

लहान-मोठेपणात −७ हा −३ पेक्षा मोठा वाटतो, ७ मोठा म्हणून. संख्यारेषेवर −३ + ५ करताना सुरुवातीचा टिंबच 'एक' मोजला जातो आणि उत्तर १ येतं.

उणे तापमानाचं उदाहरण सगळीकडे देतात. पुण्याचं नोंदलेलं नीचांकी तापमान १.७ अंश, जानेवारी १९३५ मधलं, म्हणजे इथल्या पोरांना शून्याखालचा पारा ऐकूनच माहीत. वाण्याची उधारी त्यांना लवकर कळते, पण ती बेरीज-वजाबाकीपुरतीच, उधारी गुणिले उधारी म्हणजे काय ते कोणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा ३ × −२ = −६, २ × −२ = −४, १ × −२ = −२, ० असं खाली उतरत जाऊन पुढचं उत्तर मुलांनाच विचारावं, −१ × −२ ला २ येतंच.

समीकरणांत 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे गुणकालाही लावतात, −३क = १२ चं क = १२ + ३ करतात. ही चूक आठवी-नववीपर्यंत टिकते.