भारतीय वैद्यकीय पथक (चीन, १९३८–४३)

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधील जखमींच्या शुश्रूषेसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टरांचे स्वयंसेवी पथक. १९३७ च्या जुलैमध्ये चीन-जपान युद्ध पेटले. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशभर आवाहन केले. लोकवर्गणीतून सुमारे २२,००० रुपये आणि एक रुग्णवाहिका उभी राहिली. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या लोकांनी दुसऱ्या देशासाठी खिशात हात घातला, ही गोष्ट आजही मन भरून आणते.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर वयाने सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, तसेच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे उरलेले तिघे. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले. हाँगकाँगमार्गे कॅन्टन, मग हँकाऊ, इचांग, चुंगकिंग असे ते आत आत सरकत गेले. चीनमध्ये प्रत्येकाला चिनी नाव मिळाले आणि त्यात 'हुआ', म्हणजे चीन, हा शब्द होता. कोटणीस 'के दिहुआ' झाले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक कम्युनिस्टांचे मुख्य ठाणे असलेल्या येनानला पोहोचले. तिथे डोंगर कोरून केलेल्या गुहांमध्येच लोकांची घरे होती.

चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये, तर अटल १९४० मध्ये मायदेशी परतले. पथक निघाले तेव्हा बोली वर्षभराचीच होती, त्यामुळे परतणाऱ्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. बसू आणि कोटणीस मात्र राहिले.

कोटणीस उत्तर चीनच्या आघाडीवर गेले. तिथे इस्पितळाला एक ठरलेली इमारत नसे. जपानी फौजा जवळ आल्या की जखमींना शेतकऱ्यांच्या घरांत हलवायचे आणि सामान खेचरांवर लादायचे. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी या भागात काम करताना खेचराच्या पाठीवर बसणारी एक चौकट बनवून घेतली होती. तिचा आकार शेणखत वाहण्याच्या टोपल्यांवरून घेतलेला. तीत शंभर शस्त्रक्रियांपुरते साहित्य मावे. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये गेले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांकडे आले. त्याआधी १९४० च्या एका मोहिमेत तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी आले आणि त्यांतल्या ५५८ जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, असा आकडा चीनमध्ये सांगितला जातो.

यापेक्षाही महत्त्वाचे वाटते ते त्यांचे भाषा शिकणे. ते चिनी बोलत, वाचत आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवत. शल्यशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक त्यांनी चिनीत तयार केले आणि दुसरे हाती घेतले होते. दुभाष्यावर विसंबणारा डॉक्टर जखम शिवू शकतो, पण मागे शिकलेले हात ठेवून जाऊ शकत नाही. कोटणीसांनी ते केले. १९४१ अखेर रुग्णालयातील परिचारिका कुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि त्याचे नाव ठेवले यिनहुआ : 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.

पोर साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा मृत्यू झाला. वय अवघे ३२. सैन्याने मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने मित्र, असे माओ त्से-तुंग यांनी तेव्हा लिहिले. कोटणीसांची समाधी आता हपै प्रांतातील शिजियाझुआंग येथे, बेथ्यून यांच्याच स्मशानभूमीत आहे. सोलापूरचे त्यांचे घर स्मारक म्हणून जतन केले आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्या जीवनावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा हिंदी चित्रपट काढला.

बसू १९४३ मध्ये परतले. पुढे ते पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात सुया टोचून रुग्णांवर उपचार करू लागले. भारतात या उपचारपद्धतीचा प्रसार होण्याची सुरुवात तिथूनच झाली.