गोळीआधीचं एक मिनिट

डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची गोळी देण्याआधी सिस्टर थांबते. छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोप टेकवून, घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर ठोके मोजते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेलं इथे चालत नाही, ठोके अनियमित असले तर तो हिशेब फसतो. मोठ्या माणसात ठोके ६० च्या खाली भरले, तर सहसा गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं.

हे मिनिट आलं कुठून? १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवरचे आपले अनुभव छापले. तिच्या पानांनी अंगावरची सूज उतरते, हे त्यांनी सांगितलंच. पण डोस जास्त झाला तर काय होतं, तेही लपवलं नाही. उलट्या होतात, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात, नाडी ३५ पर्यंत उतरते. लघवी, पोट, नाडी किंवा शौच, यांपैकी कशावरही परिणाम दिसताच औषध थांबवा, असं त्यांनी लिहून ठेवलं. मला त्यांचं मोठेपण या थांबवण्यात दिसतं.

१९३० मध्ये फॉक्सग्लोव्हच्याच एका जातीतून डिगॉक्सिन वेगळं काढता आलं आणि डोस नेमका मोजता येऊ लागला. उपयोगी डोस आणि घातक डोस यांतलं अंतर मात्र तेवढंच अरुंद राहिलं. १९५८ च्या सुमारास लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्या आल्या. त्यांनी पोटॅशियम उतरतं, आणि उतरलेल्या पोटॅशियमवर डिगॉक्सिनचा नेहमीचा डोसही विषासारखा वागू शकतो. म्हणून नाडीबरोबर रक्ताचा रिपोर्टही बघायचा.

रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांची गोष्टही अशीच. वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. वेगवेगळ्या लॅबचे आकडे ताडून बघता यावेत म्हणून १९८० च्या दशकात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारं एकसारखं माप, रुळला.

हेपरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनने तर फार क्रूर धडा दिला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयात नवजात बाळांना १० युनिटऐवजी १०,००० युनिटच्या कुपीतलं औषध गेलं; तीन बाळं दगावली. दोन्ही कुप्या दिसायला सारख्याच. हेपरिनचा डोस दोन सिस्टरनी तपासावा, हा आग्रह यासाठीच. पण दुसरीने पहिलीचं उत्तर बघून मान डोलावली, तर ती तपासणी नव्हे. तिने कुपीवरचं लेबल स्वतः वाचायचं आणि हिशेब कोऱ्या कागदावर नव्याने मांडायचा.